पत्र्याखालचे लाकूड

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा वाद सुरू झाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: परदेशात सगळीकडे बाहेरून ॲल्युमिनियम आणि आतून लाकूड अशाच खिडक्या बसवतात, मग आपणच सागवान का कवटाळून बसायचे? न्यूयॉर्कमध्ये बसून हे ऐकताना माझा संयम सुटतो, कारण ज्या परदेशाची साक्ष काढली जाते तो मला इथे कुठे सापडत नाही.

ऐतिहासिक वास्तूचा खराब झालेला भाग शक्यतो बदलू नये, दुरुस्त करावा, असे इथल्या संघराज्याच्या मानकांत स्पष्ट लिहिले आहे. ही मानके सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने तर नुसत्या लाकडी खिडक्यांच्या दुरुस्तीवर १९८१ साली स्वतंत्र पुस्तिका काढली. बदलणे अटळच ठरले, तर नवी खिडकी आकार, रंग आणि जमल्यास साहित्यानेही जुनीशी जुळावी लागते. काचांमधल्या पट्टीची रुंदी किती, काच भिंतीच्या तोंडापासून किती आत, काच पक्की करणाऱ्या लांबीचा (पुट्टीचा) उतार कसा, हे सगळे नकाशात शेजारी शेजारी मांडल्यावरच लँडमार्क्स कमिशनपुढे, म्हणजे शहराच्या वारसा-वास्तू आयोगापुढे, बोलता येते. कॅटलॉगमधली खिडकी उचलून बसवली, असे होत नाही.

धातूचे मला वावडे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या उंच इमारतींत आगीच्या धास्तीने लाकडावर पातळ पत्रा घट्ट चढवलेले ‘कॅलमीन’ दरवाजे आणि खिडक्या बसवत; हवा न मिळाल्याने आतले लाकूड भडकत नाही, हळूहळू कोळसते. अशा इमारतीच्या जीर्णोद्धारात पत्रा मढवलेले लाकूड हेच मूळ रूप आहे आणि ते मापाबरहुकूम घडवूनच घ्यावे लागते. आपल्याकडे ‘धातू म्हणजे भेसळ’ म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांनी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे लोखंडी सुळे एकदा पाहून यावेत.

मात्र आजचे ॲल्युमिनियमचे कवच वेगळ्या अडचणीतून आले. झपाट्याने वाढवलेल्या पाइनचे लाकूड लवकर कुजते, आणि ते दर काही वर्षांनी रंगवायला लागणारी मजुरी इथे परवडत नाही. शिवाय लाकूड दमटपणाने फुगते तर ॲल्युमिनियम उन्हाने लांबते. दोन मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाने जवळपास २ मिलिमीटर वाढते. म्हणून चांगला कारागीर ती घट्ट ठोकत नाही, खाचेत अडकवून मागे हवेला वाट ठेवतो. ती वाट बुजली की आत शिरलेले पाणी लाकूड कुजवते आणि बाहेरून रंग मात्र नवाकोरा दिसतो. मुंबईच्या पावसात नेमके हेच व्हायचे. त्यात खारी हवा कापलेल्या कडांतून रंगाखाली शिरणार. जे जुने सागवान अंगच्या तेलामुळे कुजण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, त्यावर हे कवच चढवणे मला अनाकलनीय वाटते.

अर्थात मला कोणीही विचारू शकेल, की तुमचा संबंध काय? मी ज्या विटांच्या इमारतीत राहतो, तिथल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या को-ऑपच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, बोर्डाने ठरवल्या आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मुंबईतल्या ज्या खिडकीखाली पावसात बादली मला मांडायची नाही, तिच्यासाठी मात्र मी इथून तावातावाने लिहितो. तिथे राहणाऱ्यांनी गैरसोय सोसावी आणि मी कधी गेलो तर मला सगळे जसेच्या तसे दिसावे, ही अपेक्षा फारशी सभ्य नाही, हे मला कळते. इथल्या खिडक्या माझ्या आहेत असे मला कधी वाटलेच नाही, हेही त्यामागे असावे.

तरीही निविदा काढण्यापूर्वी एवढे कराच: सुताराला बोलावून प्रत्येक झडपेचा खालचा आडवा दांडा टोच्याने टोचून पाहा. बहुतेकदा तेवढाच गेलेला असतो, आणि तेवढाच बदलता येतो.