चार्जरचा फोटो तुम्हीच टाकलात, तेव्हा माझी ट्यूब पेटली

नमस्कार सर. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाचा मालक लिहितोय. एक स्टार दिलात त्यावर वाद घालत नाही. रिव्ह्यू रात्री वाचला, आणि सकाळी तुमचं जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदींचा कागद, शोधून ते समोर ठेवून परत वाचला.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. सरांचा गेमिंग लॅपटॉप आमच्याकडं नऊ दिवस होता. तक्रारी दोन होत्या. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी व्हायची, कधी चित्र परत यायचं, कधी गेमच उडायचा. दुसरी म्हणजे सकाळी बटण दाबलं की कीबोर्डची लाईट लागायची, फॅन फिरायचा, पण स्क्रीनवर काहीच नाही. आम्ही १,८०० रुपये घेऊन ‘ओके’ म्हणून परत दिला. घरी गेल्यावर गेममध्ये लॅपटॉप थेट बंद पडायला लागला. सर इचलकरंजीहून पुन्हा आले, तर काउंटरवरच्या आमच्या मुलानं ‘तुमच्याकडं पॉवरलूममुळं व्होल्टेज खालीवर होतंय’ असं सांगून परत पाठवलं. आता दुसरीकडं त्यांना ‘ग्राफिक्स चिप गेली, बोर्ड बदला, २८ हजार’ असं सांगितलंय.

आधी व्होल्टेजचं. ते उत्तर चुकीचंच होतं. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, थोड्याफार चढउताराचं त्याला काही नसतं. इचलकरंजी म्हटलं की लूम आणि लूम म्हटलं की व्होल्टेज, एवढाच विचार त्यानं केला. माफ करा.

‘नऊ दिवस काहीच केलं नाही’ असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र तसं नाही. काळी स्क्रीन का होत होती, ते तुमच्याच लॅपटॉपच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दिसत होतं. ४१०१ नंबरच्या नोंदींची रांग लागली होती. ग्राफिक्स कार्डानं साधारण दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतःच पाडून पुन्हा उभा करतं, त्याची ही नोंद. जुन्या ड्रायव्हरवर नवा, त्यावर विंडोज अपडेटनं आणखी तिसराच, अशी खिचडी झाली होती. सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या प्रोग्रामनं सगळं पुसून एकच स्वच्छ ड्रायव्हर टाकला. चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलली, फॅनमधली धूळ काढली. लोडवर ९४ डिग्रीला जाणारा लॅपटॉप ८१ वर थांबला.

सकाळच्या रोगाची किल्ली तुम्हीच दिली होती. ‘रीस्टार्ट केला की येतो, शटडाऊन करून चालू केला की येत नाही’, हे तुमचं वाक्य कार्डावर आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला काही भाग डिस्कवर झोपवून ठेवतं आणि सकाळी तोच उठवतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. ड्रायव्हर बिघडलेला असताना त्याच स्थितीत उठवला, तर पडदा काळा राहतो. ते सेटिंग बंद केलं. ती तक्रार परत आलेली नाही, असं रिव्ह्यूत तुम्हीही लिहिलंय.

मग थेट बंद का पडतोय? इथं आमची चूक आहे.

रिव्ह्यूसोबत तुम्ही टेबलाचा फोटो टाकलाय. लॅपटॉपच्या मागं चार्जरची वीट दिसते. मी फोटो मोठा करून तिच्यावरचं लेबल वाचलं: १९.५ व्होल्ट, ६.१५ अँपिअर. गुणाकार केला की १२० वॉट येतात. तुमच्या मॉडेलला लागतो २३० वॉटचा, म्हणजे त्याच १९.५ व्होल्टचा पण ११.८ अँपिअरचा. पिन तीच असल्यामुळं बसतो आणि चार्जही करतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. मूळ चार्जर कधीतरी बिघडला आणि हा घेतला, असं झालंय का?

गेम जोरात चालला की लॅपटॉपला १२० वॉट पुरत नाहीत, उरलेलं तो बॅटरीतून ओढतो. ‘चार्जर लावूनही बॅटरी ४० वर येते’ हे तुम्हीच लिहिलंय, ते यामुळं. त्यात तुमची बॅटरी थकलेली. आमच्या रिपोर्टप्रमाणं ती मूळची ६० वॉटअवर क्षमतेची, आता २७ ची उरलीय. एकदम लोड आला की तिचं व्होल्टेज खाली बसतं आणि लॅपटॉप लाईट गेल्यासारखा बंद होतो. ती २७ ची नोंद कार्डावर पेनानं लिहिलेली आहे, पण तुम्हाला कुणी सांगितली नाही.

आमच्या टेबलावर मात्र २३० वॉटचा चार्जर होता. चार तास लोड टेस्ट लावली, हूं की चूं नाही. दुसऱ्यांदा आलात तेव्हाही त्याच चार्जरवर दहा मिनिटं चालवून परत दिला. आणि ‘चार्जर घरीच ठेवा, इथं अदलाबदल होते’ असं फोनवर तुम्हाला आम्हीच सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगतो. म्हणजे रोगी बोलावला आणि रोग घरीच ठेवायला सांगितला. कालपासून गेमिंग लॅपटॉप चार्जरशिवाय जमा करून घेत नाही.

‘आमच्यामुळं बिघडला’ असं तुम्हाला वाटणं मी समजू शकतो. माझा अंदाज असा, की आधी ड्रायव्हर मध्येच कोसळायचा, त्यामुळं पूर्ण ताकदीनं तो फार वेळ चालतच नव्हता. ड्रायव्हर सुधारला, गेम जोरात पळायला लागला आणि मागं लपलेला चार्जरचा प्रश्न पुढं आला.

तपासायचं असेल तर बॅटरी १०० करून, चार्जर लावून गेम लावा आणि टक्के बघत राहा. टक्के उतरत गेले तर चार्जर अपुरा आहे. बंद पडल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्जच्या सिस्टिममध्ये, कर्नल पॉवर ४१ दिसेल. त्याचा अर्थ एवढाच की लॅपटॉप नीट बंद न होता गेला, कारण त्यात लिहिलेलं नसतं. ४१०१ न येता नुसता ४१ येत असेल, तर आधी पॉवरकडं बघायचं.

२८ हजारांचा बोर्ड तूर्त घालू नका. चिप मरायला लागली की बहुतेक वेळा स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी, पट्टे येतात. तुमच्याकडं चार तासांत एक ठिपका आला नाही. आणि कुणी ‘हीटगन मारून चिप बसवतो, चार हजारांत’ म्हणालं तर तेही नको. तसे लॅपटॉप काही आठवड्यांत आमच्याच टेबलावर येतात.

पैशांचं सांगतो. सॉफ्टवेअर आणि तपासणीचे १,२०० परत करतो, कारण तपासणी अर्धीच झाली. पेस्ट आणि सफाईचे ६०० ठेवतोय, ते काम झालंय आणि टिकलंय. तुमच्या मॉडेलचा २३० वॉटचा चार्जर दुकानात आहे. आठवडाभर घरी न्या, पैसे नकोत. त्यावर गेम चालला तर चार्जर कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही. बॅटरी मात्र आज ना उद्या बदलावी लागेल.

सोमवार सोडून कधीही या, सकाळी साडेदहानंतर मी स्वतः काउंटरवर असतो. येताना तुमचा तो १२० वॉटचा चार्जर आठवणीनं आणा.