खान्देशात बसून जलविद्युत तज्ज्ञ व्हा

जलविद्युत तज्ज्ञ व्हायला धरण बघावं लागत नाही, टपरीवरचा चहा पुरतो. आधी एक वाक्य पाठ करा: "पाणी हीच उद्याची बॅटरी." वाक्य खरंच आहे, त्यामुळे समोरचा गप्प बसतो. सूर्य मावळला की साक्रीचा सौर प्रकल्प झोपतो, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या वाऱ्याच्या मर्जीवर, आणि दीपनगरचा कोळशाचा संच एकदा थंडावला की तापायला कित्येक तास खातो. पाण्याचं टर्बाइन मात्र काही मिनिटांत जोरात. म्हणून दुपारच्या जास्तीच्या विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि दिवेलागणीला खाली सोडायचं. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प याच धाटणीचा. चढवायला १०० युनिट घातले तर हाती साधारण ७५ ते ८० येतात, हे कुणी विचारलं तरच सांगा.

मग विषय शेतीकडे न्या, पण जपून. यावल-रावेरकडे केळीला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री उठतो, बॅटरी घेऊन बांधावरून जातो, बिबट्याच्या भीतीने मोबाइलवर गाणी लावतो. स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो. मोटर नुसती गुरगुरते, एक फेज गायब. धुळ्याकडे याच वेळी शेजारच्या मळ्यातून हाक येते, "लाईट उनी का रे भाऊ?" दुपारची वीज रात्री कशी न्यायची यावर जगभर डोकेफोड चालली आहे, आपण दुपारचा शेतकरीच रात्री नेऊन ठेवला, तोही विनाखर्च. पंप दिवसा उन्हाच्या विजेवर चालवले तर तेवढी साठवण लागणारच नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला चहाचे पैसे द्यायला लावा.

पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांचा व्हिडिओ न चुकता पुढे पाठवा. एवढ्या पाण्यावर वीज किती, असं कुणी विचारलं तर ठणकावून सांगा, "दीपनगरला हेच पाणी जातं." कोळशाचं केंद्र पाणी पितं, म्हणजे ती जलविद्युतच झाली की! गाळाबद्दल बोलू नका, तो खाली बसलेला आहे, बसू द्या.

नर्मदेचं नाव निघालं तर आकडे फेका. सरदार सरोवर १,४५० मेगावॉट, १९७९ च्या लवादाच्या निवाड्यानुसार विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. त्यापायी अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं बुडिताखाली, हे वाक्य हळू आवाजात म्हणा. बिलगावचं तर काढूच नका. धडगाव तालुक्यातल्या त्या आदिवासी गावाने २००३ मध्ये श्रमदानातून धबधब्यावर १५ किलोवॉटचा इवलासा प्रकल्प उभा केला होता, घराघरांत दिवे लागले होते. २००६ मध्ये मोठ्या धरणाच्या फुगवट्याने तो गिळला. जलविद्युतने जलविद्युत बुडवली, हे तज्ज्ञाच्या तोंडी शोभत नाही.

उद्या सातपुड्यात वरच्या तलावाजोगी सपाटी शोधत गाड्या आल्या, तर पुढे होऊन वाट दाखवा. वनहक्काचे दावे वगैरे उकरू नका. मेगावॉट किती ते विचारा, मान डोलवा, फोटो काढून घ्या. पाड्यावर दिवे किती, हे साहेब जेवून गेल्यावर आपसात विचारा.