तपासणी पावसाळ्यातच व्हावी

देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या सीमेवरच्या गावांत सुप्त क्षयरोगाची (जंतू अंगात असतात, पण आजार झालेला नसतो) तपासणी वाढवा, हे लेखातलं म्हणणं अगदी पटलं. अडचण आहे ती वेळेची. या तपासणीत हाताच्या कातडीत सुई दिल्यावर ४८ ते ७२ तासांनी माणूस पुन्हा समोर लागतो. फुगवटा बोटाने चाचपून पट्टीने मोजावा लागतो. दिवाळीच्या तोंडावर उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली ऊसतोड मजुरांची टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून कर्नाटकातल्या उसाच्या फडावर गेली, की तो हात मोजणार कोण?

म्हणून हे काम जुलैतच सुरू करा. ज्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, तिथली माणसं आधी. अंगात चालू क्षय नाही याची खात्री झाली, की आठवड्यातून एकदा अशा १२ आठवड्यांच्या प्रतिबंधक गोळ्या ऊसतोडीला निघण्याआधी गावातच संपतात.

आणि आशाताईंनी घरोघरी एवढं जरूर सांगावं, की सुप्त संसर्ग दुसऱ्याला लागत नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या कानावर गेलं तर उचल मिळणार नाही, या धास्तीनेच माणसं हात पुढे करत नाहीत. नावं गुप्त राहतील ही हमी आधी द्या.