लेखक झोपाळ्यावर बसलेत

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

भाचा बीएस्सी ॲग्रीला आहे, खाजगी कॉलेजात. रब्बी ज्वारीवरच्या खोडमाशीवर त्याचा सेमिनार. संदर्भ शोधता शोधता सापडला तो थेट आजोबांचाच, म्हणजे माझ्या बाबांचाच, १९८६चा संशोधनाचा पेपर! पोरगं केवढं हरखलं. दोघं गॅलरीतल्या झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसले. क्लिक केलं तर सारांशाच्या चार ओळी आणि खाली चौकट: सात पानं, ३९.९५ डॉलर, ४८ तासांपुरती. म्हणजे साडेतीन हजार रुपये, आणि तेही भाडं! त्याखाली बारीक अक्षरात सल्ला, लेखकाकडे प्रत मागून बघा.

अहो, लेखक इथे झोपाळ्यावर बसलेत. तेच मागतायत.

बाबांच्या स्वतःच्या प्रती २०१९च्या महापुरात गेल्या. सांगलीच्या घरी खालच्या खोलीत ट्रंक होती. पाणी उतरल्यावर उघडली तर आत नुसता लगदा.

हा पेपर कसा झाला ते मला आठवतंय, मी चौथीत होते. बाबा पहाटे चारला टॉर्च घेऊन मालदांडी ज्वारीच्या प्लॉटवर जायचे, पोंग्यातला, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीतला, ओलावा बघायला. त्या ओलाव्यावरूनच खोडमाशीची अळी सरकत आत उतरते आणि मग पोंगेमर, म्हणजे मधला पोंगाच वाळून जातो. परत आले की बधिर बोटं चहाच्या कपाला धरून बसायचे, डायरीची पानं दमट झालेली. पगार सरकारचा, प्लॉट सरकारचा, बियाणं सरकारचं, म्हणजे तुमच्याआमच्या कराचं. प्रकाशकानं काय दिलं? छदाम नाही. उलट हक्क लिहून घेतले. वर त्याच जर्नलकडून दुसऱ्यांचे पेपर, छापण्याजोगे आहेत का ते तपासायला यायचे, तेही बाबा जेवणाच्या टेबलावर रात्री बसून तपासायचे. फुकट.

संपादनाला, छपाईला, सर्व्हरला पैसे लागतात, माहितीये. पण १९८६च्या सात पानांना आज असा काय खर्च येतोय?

आता 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन'वाले कमेंटमध्ये येतीलच, म्हणजे जर्नल्सची वर्गणी केंद्र सरकारच एकरकमी भरतं ती योजना. तीन वर्षांचे ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स. सरकारी विद्यापीठातल्या पोरांची सोय झाली, नाही म्हणत नाही. पण योजना सरकारी संस्थांची. भाच्याचं कॉलेज त्यात नाही. निवृत्त म्हातारा तर कुठल्याच यादीत नाही. आपल्याच पैशानं झालेलं काम आपल्याच पैशानं भाड्यानं आणायचं, आणि वर टाळ्या वाजवायच्या?

साय-हब होतं, असे पैसे लावलेले पेपर फुकट देणारी साइट. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्याननं २०११ साली काढलेलं. ऑगस्ट २०२५मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते आपल्याकडे बंद करायला लावलं. कायद्यानं चोरीच ती, बरं, धरा चोरी. मग पहाटे चारला उठून जमवलेलं काम ज्यानं एक पैसा न देता स्वतःच्या नावावर करून घेतलं, त्याला कुठला शब्द वापरायचा?

ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचणाऱ्याला फुकट, म्हणून जे निघालंय त्यातही मेख आहेच. 'नेचर' या जर्नलनं त्यासाठी लेखकांकडूनच एका पेपरमागे ९,५०० युरो मागितले. आधी वाचणाऱ्याचा खिसा कापायचे, आता लिहिणाऱ्याचा. आणि इकडे बंगळुरूचं 'करंट सायन्स' हे जर्नल कुणीही उघडून वाचावं, एक रुपया लागत नाही. त्यांना बरं जमतं!

असो. खरं सांगू, बाबा चिडलेच नाहीत. मीच थयथयाट केला.

तेव्हा देशोदेशीच्या शास्त्रज्ञांकडून छापील कार्डं यायची. पेपरचं नाव तेवढं हातानं भरलेलं, प्रत पाठवाल का म्हणून. नायजेरिया, फिलिपिन्स, हंगेरी. बाबा पाकिटात रिप्रिंट घालायचे, तिकीट स्वतःच्या खिशातनं. समोरचा कोण, कुठल्या कॉलेजातला, कधी विचारलं नाही. कार्डावरची तिकिटं माझी. वाफेवर धरून सोडवायची नि 'केसरी'च्या घडीत वाळवायची. अल्बम इथे पुण्यात माझ्याकडे होता म्हणून वाचला.

दुपारी बाबांनी तो मागून घेतला. बराच वेळ पानं उलटत होते. सुदानचं एक तिकीट आहे, उंटावर बसलेला टपालवाला. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "अगं, याच्याकडे असेल बघ एक प्रत. पत्ता मात्र ट्रंकेत होता."