18 हजार कोटी पाण्यात म्हणे! थांब भो, हिशोब पुरा तर कर

दोन दिवस झाले, आमच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. आमच्या धुळ्यावरून जाणाऱ्या नव्या मनमाड-इंदूर रेल्वेला 18,036 कोटी, म्हणजे किलोमीटरमागे 58 कोटी, एवढ्यात हजारो बस आल्या असत्या, रेल्वे प्रवाशांवर तोटाच खाते, आणि आग्रा रोड, म्हणजे मुंबई-आग्रा हायवे, आहेच की, मग हा लाड कशाला. माझ्या आतेभावानेच पाठवला, खाली लगेच चार अंगठे.

आकडे खरे आहेत, उगाच नाही म्हणणार नाही. 309 किमीची लाईन, सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राच्या कॅबिनेटने मंजूर केली, भागाकार केला तर 58 कोटीच येतात. घोळ पुढे आहे.

तोट्याचं बघू. प्रवाशावर 100 रुपये खर्च होतात तेव्हा तिकिटातून 54 च मिळतात, हे खुद्द रेल्वेमंत्री वैष्णव यांनीच संसदेत सांगितलंय. पण रुळावरून फक्त प्रवासी जातो का? रेल्वेची बहुतेक कमाई मालगाडीतून येते आणि तीच मालगाडी ह्याच रुळावरून धावणार, ह्या लाईनवर वर्षाला 2 कोटी 60 लाख टन जादा माल जाईल असा सरकारचा अंदाज आहे, इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांचा माल बंदराकडे, आपल्या पट्ट्यातला कांदा वर उत्तरेकडे. आता हा अंदाज थोडा फुगवलेला असेल असं धरा, अर्धाच माल आला असं धरा, तरी बांधकामाचा सगळा खर्च तिकिटाच्या नावावर टाकून 'बघा तोटा' म्हणणं म्हणजे दुकानाचं अख्खं भाडं एकट्या बिस्किटाच्या पुड्यावर लावणं झालं.

आणि आग्रा रोड. बाबा, तू त्या रोडवरच्या बिजासन घाटात रात्री अडकलायस का कधी? मी मावशीकडे इंदूरला निघालो होतो, पुढे एक ट्रक बंद पडला आणि बस तीन तास जागची हलली नाही, बायाबापड्या, लेकरं सगळी अंधारात, पाणी नाही की काही नाही. रेल्वेनेच जायचं तर धुळ्याहून चाळीसगाव, मग भुसावळ, खंडवा, भोपाळ असा वळसा. धुळं जिल्ह्याचं ठिकाण, पण शहरात रूळ येतात ते चाळीसगावकडून आणि तिथेच संपतात.

रस्त्याला मात्र कोणी नफा विचारत नाही, गंमत बघा. समृद्धी महामार्गाला 55 हजार कोटींच्या वर गेले, 701 किमी, म्हणजे किलोमीटरमागे 78 कोटी. टोल आहे, मान्य. पण टोलवर सगळे पैसे कधी वसूल होतील, असा मेसेज कोणी फिरवला का?

बसचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, एसटीला गाड्या पाहिजेतच. फक्त सकाळची चाळीसगाव-धुळे एकदा बघा. जामदा, राजमाने, शिरूड, दर स्टेशनला कॉलेजची पोरं, खिडकीच्या गजाला लटकवलेल्या दुधाच्या कॅना, दारात भाजीची गाठोडी. पासवाल्याचा महिनाभराचा खर्च एसटीच्या दोन-तीन दिवसांच्या जाण्यायेण्यात उडून जाईल. हे वाचलेले पैसे त्या 54 रुपयांच्या हिशोबात कुठेच दिसत नाहीत, दिसतात ते अपडाऊन करणाऱ्याच्या घरात. पाचोरा-जामनेरची पीजे रेल्वे 2020 मध्ये बंद पडली, तेव्हा शेंदुर्णी-पहूरकडच्या लोकांना हे कळलं. छोटी गाडी होती, हळू चालायची, पण गरिबाची होती.

मेसेजमध्ये बुलेट ट्रेनही घुसवलीय. तिचं वेगळं. 508 किमीला मूळ अंदाजच 1 लाख 8 हजार कोटींचा, किलोमीटरमागे 200 कोटींच्या वर, तिच्यासाठी मी भांडणार नाही, ज्याला भांडायचं त्याने भांडावं. पण तिचा राग धुळ्याच्या लाईनवर कशाला काढता?

मनमाड-इंदूर लाईन पुरी करायची 2028-29 ची तारीख पाळतील का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, मलाही विश्वास नाही. जमीन जाणाऱ्याचा मोबदला लटकला तर काम लटकणार, आणि उशीर झाला की खर्च वाढतोच. त्याच्यावर बोला ना, मी सोबत आहे.

आणि लाईन होऊनही शिरपूर-नरडाण्याला गाडी रात्री अडीचला थांबवली, सकाळची पॅसेंजर दिलीच नाही, वर कोरोनात केलं तसं दहाच्या तिकिटाचे तीस केले, तर मग तुझा मेसेज मीच फॉरवर्ड करीन भो, अंगठ्यासकट.