खुलासा : इंग्लंडच्या मूरवर, म्हणजे उघड्या माळरानावर, तंबू कुठेही ठोकता येत नाही

‘ब्रिटनमध्ये डोंगरात कुठेही फिरा, कुठेही तंबू ठोका, कायद्याने हक्कच आहे’ असा मजकूर ट्रेकर मंडळींमध्ये फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि तोही स्कॉटलंडपुरता. तिथे 2003 च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जागी जबाबदारीने मुक्काम करता येतो.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. 2000 च्या कायद्याने नकाशावर नोंदलेल्या मूर, डोंगर आणि सामायिक जमिनींवर पायवाट सोडूनही चालता येतं. पण फक्त चालता. तंबू, सायकल त्यात नाही. कुत्रा असेल तर 1 मार्च ते 31 जुलै दोन मीटरच्या आत दोरीला बांधलेला हवा, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर अंडी घालतात. मुक्कामाला अपवाद नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या सामायिक जमिनींचा. तो 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला.

म्हणजे इंग्लंडमधल्या ईडेलपासून स्कॉटलंडमधल्या कर्क येथमपर्यंतची सुमारे 430 किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही पायवाट चालताना इंग्लंडच्या हद्दीत जमीनमालकाची परवानगी किंवा कॅम्पसाइट लागते. उंचावर, उशिरा तंबू लावून पहाटे निघणाऱ्यांकडे बऱ्याचदा काणाडोळा होतो, हे खरं. पण काणाडोळा म्हणजे हक्क नव्हे.