रात्री करंट कोण खातंय?

मंगळवारी सकाळी सव्वासातला किल्ली फिरवली, तर गाडी फक्त 'टक् टक् टक्' एवढंच बोलली. पाल चुकचुकली की निदान 'कृष्ण कृष्ण' तरी म्हणता येतं. इथे काय म्हणायचं ते आमच्या आजीने शिकवलं नव्हतं.

आमची कोथरूडची सोसायटी उतारावर आहे. वॉचमनकाका, पेपर टाकणारा पोरगा आणि फिरायला निघालेले एक निवृत्त बँक मॅनेजर अशा तिघांनी धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी उचकी देत चालू झाली. बुधवारी तेच. गुरुवारी वॉचमनकाका मला लांबून बघूनच बाह्या सरसावायला लागले.

निदानंही आपोआप जमली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायला सांगितलं. धुतली. मॅनेजरसाहेबांनी अँबॅसडरला पुढून हँडल मारायची सोय असायची, हे तीनदा सांगितलं. बॅटरीच्या दुकानदाराने डोळेही न उचलता "बदला" असा निकाल दिला. साडेचार हजारांची नवी 35 अँपिअर-अवरची बॅटरी आली. पहिल्या सकाळी ती कण्हत का होईना चालू झाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा टक् टक्.

याच दरम्यान बायको म्हणाली, "अहो, तुमची सीट सकाळी कोमट का लागते?" मी म्हटलं, "मांजर बसत असेल." बंद काचांच्या गाडीत मांजर कुठून शिरेल, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही.

मग मी मल्टिमीटर आणला. संध्याकाळी बॅटरी 12.5 व्होल्ट, सकाळी 11.6. म्हणजे रात्री कुणीतरी करंट खातंय. तो मोजायचा तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मीटर मधे जोडायचा, अँपिअरच्या भोकात लाल वायर घालायची, दारं लावून गाडी अर्धा तास झोपू द्यायची. हो, गाडीतले कॉम्प्युटरही झोपतात आणि आमच्या घरातल्यांसारखेच वेळ घेतात. त्यानंतर पन्नासेक मिलीअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. एवढ्यावर बॅटरी जवळजवळ महिनाभर तग धरते. पंचवीस मिनिटं झाली आणि बायको छत्री घ्यायला आली. तिने दार उघडलं. दिवा लागला, गाडी जागी झाली, पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या वेळी गाढवपणा माझाच. सवयीने किल्ली फिरवली. स्टार्टर शंभरावर अँपिअर मागतो, माझ्या मीटरचा फ्यूज दहाचा. मीटर कायमचा झोपला.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "साहेब, हल्लीत नवीन काही बसवलंय का?"

बायको शेजारीच उभी होती. "छे," मी म्हटलं.

इथे एक खुलासा. आदल्या रविवारी मी माझ्या सीटखाली एक वूफर बसवून घेतला होता. बायकोला सांगितलं होतं, सीट कव्हरवर फुकट मिळाला. फुकटच्या वस्तूला कशाला कुणी 'नवीन बसवलं' म्हणेल?

वायरमनच्या मीटरवर अर्ध्या तासाने आकडा आला 1.9 अँपिअर. तो हसला. "दहा तासांत एकोणीस अँपिअर-अवर. अर्ध्याहून जास्त बॅटरी गेली की हो!" मग डिकीचा दिवा विझतोय का ते बघायला माझा मोबाइल व्हिडिओ चालू करून आत ठेवला. दिवा विझत होता. मग तो एकेक फ्यूज उपटायला लागला. हॉर्न, वायपर, एसी, काचा, आतले दिवे. प्रत्येक फ्यूजनंतर आम्ही तिघं मीटरकडे बघायचो. 1.9. अख्खा डबा रिकामा झाला. 1.9.

"अशक्य," वायरमन म्हणाला. मग त्याने पॉझिटिव्ह टर्मिनलवर बोट ठेवलं. तिथून जाडसर लाल वायर निघून सरळ आत गेली होती, फ्यूजच्या डब्याला वळसा घालून. "आणि ही कोण?"

मी आकाशाकडे बघितलं. पाऊस येईलसं वाटत नव्हतं.

वायर पायपुसण्याखालून माझ्या सीटपर्यंत पोचली. खाली वूफर, त्यावर बारीकसा लाल दिवा, आणि अंग तापलेलं. स्टीरिओ बंद झाला की वूफरही बंद व्हावा म्हणून स्टीरिओची निळी वायर त्याला जोडायची असते. बसवणाऱ्या पोराने आळस करून ती जागा तिथल्याच लाल वायरला जोडली होती. म्हणजे गाणं नसतानाही हा रात्रभर जागा.

"मांजर सापडलं," बायको म्हणाली. मग वायरमनकडे वळून, गोड आवाजात, "दादा, असलं केवढ्याला मिळतं हो?"

वायरमन प्रामाणिक निघाला. "पाचसहा हजार तरी जातात, ताई."

निळी वायर जोडली, फ्यूज परत बसले, आकडा 0.02 वर आला. त्याने तीनशे घेतले. बायकोने बोटांवर हिशोब मांडला: वूफर, बॅटरी, मीटर, वायरमन. सीट कव्हर तिने धरलंच नाही; "ते फुकट आलं असेल ना," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला गाडी अर्ध्या सेलमध्ये चालू झाली. वॉचमनकाका बाह्या वर करून निम्म्या वाटेवर आले होते, तिथेच थांबले.

"म्हणजे उद्यापासून यायचं नाही?" त्यांनी विचारलं. धक्क्यामागे मी रोज वीस रुपये चहाला देत होतो.